मत्स्यालयाबाहेर उभी गाडी

दिवाळी अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा मला वाटलं, निरोप देणारा चुकला असेल. मी आयुष्यभर एसटीची लाल गाडी चालवली. ड्रायव्हरचा अनुभव म्हणजे समोरचा रस्ता, आणि तो तर गाडीतल्या सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण अंकाचं काम बघणारी मुलगी आमच्या यावलचीच निघाली. फोनवर म्हणाली, "हुसेनभाऊ, मी शाळेच्या सहलीला तुमच्या गाडीतून मुंबईला गेले होते. कसाऱ्याच्या घाटात मागच्या सीटवर ओकले होते." एवढ्यावरून ओळख पटणं अवघड होतं. कसाऱ्याच्या घाटात माझ्या गाडीत ओकलेली मुलं फार आहेत. तरी तिला नाही म्हणवलं नाही.

मी यावल डेपोचा ड्रायव्हर, हुसेन तडवी. एरवी माझी ड्युटी भुसावळ, फैजपूर, चोपडा अशी जवळपासची. केळीचे ट्रक चुकवायचे, दुधाच्या किटल्या चढवू द्यायच्या, म्हाताऱ्यांना त्यांच्या शेताच्या बांधापाशी उतरवायचं. दिवाळी उलटून थंडी पडली की मात्र मी सहलीवर असायचो. शाळेनं अख्खी गाडी ठरवली की आमच्याकडे त्याला 'प्रासंगिक करार' म्हणतात. शब्द कोर्टातला वाटतो. अर्थ एवढाच, की गाडीला कंडक्टर नाही, तिकीट नाही. एकटा ड्रायव्हर, गाडीभर मुलं, मास्तर लोक आणि टपावर स्वयंपाकाची भांडी. डेपोतले बाकीचे ड्रायव्हर ही ड्युटी टाळायचे. घर सुटतं, झोप होत नाही, आणि परत आल्यावर गाडी धुवावी लागते ती निराळीच. मला ती आवडायची. का आवडायची, ते हलिमानं, माझ्या बायकोनं, एकदा बरोबर सांगितलं होतं. "तुमाले गर्दी लागते," ती म्हणाली, "पन बोलाले कोनी नको."

सहलीच्या ड्रायव्हरचं तसंच असतं. गाडीत रात्रंदिवस गोंगाट, पण त्या गोंगाटात तो नसतो. मुलं गाणी म्हणतात, तो आरशात बघतो. पंगत बसते, त्याचं ताट केबिनमध्ये येतं. ती लोकं धर्मशाळेत झोपतात, हा गाडीत. आणि जिथं जिथं गाडी थांबते, तिथं कोणीतरी कॅमेरा आणून हातात देतं, "भाऊ, आमचा सगळ्यांचा एक काढा ना." माझ्या हातचे फोटो यावल तालुक्यातल्या किती शाळांच्या भिंतींवर असतील. त्यांतल्या एकातही मी नाही.

मुंबईची सहल असली की मत्स्यालय ठरलेलंच. समुद्रासमोरची ती जुनी इमारत मला डोळे मिटून काढून दाखवता येईल, पण फक्त बाहेरून. त्या रस्त्यावर गाडी उभी करायची सोय नाही. मुलं उतरली की पोलिसाची शिट्टी वाजायच्या आत पुढं निघायचं, लांब कुठंतरी जागा धरायची, आणि अंदाजानं परत दारात यायचं. गाडी सोडून ड्रायव्हर आत जाऊ शकत नाही. मुलं मात्र बाहेर यायची ती तोंडं उघडी टाकूनच. सातपुड्याच्या पायथ्याची मुलं ती. नाल्यातले बोटभर मासे पाहिलेली. त्यांतला निम्मा घोळका केबिनपाशी येऊन एकाच वेळी सांगायचा, तो मासा केवढा होता, तो कसा बघत होता, त्याचे दात कसे होते. एका पोरानं पाण्याच्या बाटलीत समुद्र भरून घेतला होता, आईला चाखायला द्यायला. नाशिकला पोचेपर्यंत त्यानं तो सगळ्या दोस्तांना चाखवून संपवला.

चौधरी सर माझ्या गाडीत पहिल्यांदा कधी बसले ते मला सांगता येणार नाही. डोंगराच्या कडेच्या एका गावातल्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे. पांढरी टोपी, पायात चपला, खिशाला पेन. दर वर्षी सहल तेच काढायचे आणि डेपोत येऊन सांगायचे, "ड्रायव्हर हुसेनभाऊ पाहिजेत." दुसरा ड्रायव्हर दिला तर सहलीची तारीख बदलायचे.

त्यांची एक सवय होती. परतीच्या वाटेवर मुलं झोपली की ते केबिनमधल्या सीटवर येऊन बसायचे आणि मला एक मासा सांगायचे. एका सहलीत एकच. मी आत जाऊ शकत नाही याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं. "पुढच्या खेपेला काहीही करून तुम्ही आत या," असं म्हणायचे आणि मग सुरू करायचे. ते नुसतं नाव सांगून थांबायचे नाहीत. तो खातो काय, श्वास कसा घेतो, पिल्लं कुठं ठेवतो, शत्रू आला तर काय करतो. चांदवडच्या चढावर सुरू झालेला मासा मालेगाव गेलं तरी पुरायचा.

एका वर्षी त्यांनी समुद्रघोडा सांगितला. त्याच्यात पिल्लं नर सांभाळतो, पोटाच्या पिशवीत घेऊन हिंडतो. मी घरी येऊन हलिमाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याले डायवरची नोकरी नसंल." आमच्या पोरीच्या जन्माच्या वेळी मी सहलीवर होतो. ती सूरतेला दिली, तिच्या लग्नाआधीच्या गडबडीतही मी ड्युटीवर.

सरांची बायको लवकर गेली. एकुलता मुलगा प्रमोद धुळ्याला नोकरीला, तिथंच घर केलेलं. सर गावात एकटे राहायचे. म्हणजे ते घरात, मी गाडीत, आम्ही दोघंही तसे एकटेच होतो, पण त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. माशांबद्दल बोललो.

आता त्या सहलीबद्दल, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं.

सरांना निवृत्त व्हायला थोडेच महिने राहिले होते. बरोबर नव्यानं लागलेल्या एक मॅडम होत्या, मुलींची जबाबदारी त्यांच्याकडे. सकाळी निघालो. तापीचा पूल ओलांडला, नशिराबाद गेलं, जळगावच्या पुढं सर केबिनमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "हुसेनभाऊ, डिझेल भरलं का?"

"भरलं, सर."

एरंडोलला त्यांनी परत विचारलं. पारोळ्याला परत. मला वाटलं, शेवटची सहल आहे, काळजी वाटत असेल. धुळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा एका पोराला त्यांनी "ए रमजान" म्हणून हाक मारली. रमजान त्या पोराच्या बापाचं नाव. तोही सरांचाच विद्यार्थी. पोरं खूप हसली, सरही हसले. बाप आणि लेक दिसायला सारखे होते, चूक कोणाचीही झाली असती. नाशिकला पोचल्यावर मात्र त्यांनी गाडीच्या दारात उभं राहून सगळ्यांना सूचना दिल्या, "समोर समुद्र आहे, पाण्याजवळ कोणी जायचं नाही." मुलं इकडंतिकडं समुद्र शोधू लागली. मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली उतरून टायर बघायला लागलो.

मुंबईत त्या दिवशी नशीब चांगलं होतं. मत्स्यालयाच्या जवळच एक गल्ली कामासाठी बंद केलेली, तिथं गाडी लावता येईल असं दिसत होतं. शिट्टी फुंकत पोलीस आला. गाडीची पाटी वाचून म्हणाला, "यावल? आपलं यावल?"

"हो. तुम्ही?"

"चोपड्याचा. लावा इथं. मी बघतो."

मुलं रांगेनं आत गेली. पुढं सर, मागं मॅडम. मी स्टेअरिंगवर पाय टाकून पडलो. बऱ्याच वेळानं मुलं बाहेर आली, पण त्या खेपेला केबिनपाशी घोळका झाला नाही. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मॅडम घाबऱ्याघुबऱ्या आल्या.

"भाऊ, सर इकडं आलेत का?"

"नाही."

"ते आत दिसत नाहीत. सुरुवातीला होते पुढं, मग मला वाटलं पुढच्या दालनात असतील. मुलं म्हणतात, कुठंच नव्हते. त्यांनी काही सांगितलंच नाही मुलांना. फोन लावला तर गाडीतच वाजतोय."

फोन खरंच केबिनच्या सीटवर पडलेला होता. मी मॅडमना म्हणालो, मुलांना गाडीत बसवा, दार लावून घ्या, कोणाला उतरू देऊ नका. चोपड्याच्या पोलिसाला हात केला आणि निघालो. दारात तिकीट फाडणारी एक बाई होती. तिला म्हणालो, "आमचे गुरुजी आत राहिलेत. पांढरी टोपी."

"ते बाबा? मोठ्या टाकीसमोर बसलेत कधीचे. मी विचारलं, काय हवंय का. तर म्हणाले, गाडीची वाट बघतोय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या दारातून आत गेलो. बाहेर लख्ख ऊन, आत एकदम अंधार. मला काही दिसेना. मग दोन्ही बाजूंना हिरव्यानिळ्या काचा दिसायला लागल्या. थंडगार, ओलसर, खारट वास, आणि भिंतीमागं पंप चालल्याचा आवाज, गाडी न्यूट्रलला उभी असावी तसा. गर्दी होती. काचेला नाक लावलेली पोरं, त्यांना ओढणाऱ्या आया. मी माणसं ढकलत पुढं जात होतो, सर शोधत होतो, पण डोळे टाक्यांकडे जात होते. हा सिंहमासा, याच्या पंखांत विष. हा वाम, दिवसभर दगडाच्या फटीत तोंड काढून बसतो. एकेकाला मी ओळखत होतो. न पाहिलेल्या नातेवाइकांच्या लग्नात जावं आणि सगळ्यांची नावं ठाऊक असावीत, तसं काहीतरी वाटलं. थांबायला मात्र वेळ नव्हता.

सर मोठ्या टाकीसमोर, गर्दीच्या आड गेलेल्या बाकावर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. टाकीत एक कासव सावकाश वर चाललं होतं, सर त्याच्याकडे बघत नव्हते. मी समोर उभा राहिलो.

"सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा ओळखीचा नव्हता. म्हणजे चेहरा त्यांचाच, पण माझ्यासाठी त्यात काही नव्हतं. एरवी वर्गातलं शुद्ध मराठी बोलणारा माणूस, त्यानं मला गावाच्या बोलीत विचारलं, "भाऊ, यावल गाडी लागली का? मी कव्हाचा बसेल आहे."

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो.

"लागली, सर. बाहेर उभी आहे."

"हे कोनतं गाव व्हय?"

"मुंबई. हे मत्स्यालय आहे, सर."

ते बराच वेळ काचेकडे बघत राहिले. कासव परत खाली आलं. सरांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "हुसेनभाऊ, मी इथं मुलांना घेऊन आलो होतो ना?"

"हो सर."

"मग मासे दाखवले का मी त्यांना?"

दाखवले, असं सांगून मी त्यांना उठवून नेऊ शकलो असतो. त्यांना ते पटलंही असतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की खोटं तोंडातून निघेना.

"नाही, सर. अजून राहिलेत."

"मग चला," ते म्हणाले. "मुलं कुठंयत?"

त्यांना तिथंच बसवून, तिकिटाच्या बाईला लक्ष ठेवायला सांगून मी गाडीकडे आलो. मॅडम म्हणाल्या, "सापडले ना? मग आणा त्यांना गाडीत. भाऊ, वेळ कुठंय आता? मुलांचं बाकीचं बघायचं राहिलंय."

"मॅडम, बाकीचं पुढच्या वर्षी होईल. सरांची ही शेवटची सहल आहे."

"त्यांना बरं नाहीये."

"म्हणूनच."

मग त्यांनीच दार उघडलं आणि मुलांना म्हणाल्या, "चला, सर बोलावताहेत. त्यांनी तुमच्यासाठी थांबून जागा धरलीय." मुलांना मॅडमचं हे खरं वाटलं. तिकिटं आधीच फाटलेली होती, परत आत जायला नवी लागणार होती. दारातल्या बाईनं आधी मुलांकडे पाहिलं, मग वळून आत पाहिलं, आणि हातानंच आत जा म्हणून खूण केली.

मी मागं उभा राहिलो. सर मुलांसमोर आले. पहिल्या टाकीपाशी एक दोन वाक्यं अडखळत गेली. मला वाटलं, आपण चूक केली, पोरांसमोर यांचं हसं होणार. तेवढ्यात एका मुलीनं नेहमीचा प्रश्न विचारला. हा प्रश्न दर सहलीला कोणीतरी विचारतंच, सरांनी मला सांगितलं होतं. "सर, यातला खायला कोन्ता चांगला?"

"खायचा विचार भुसावळच्या बाजारात," सर म्हणाले. "इथं डोळ्यांनी जेवायचं. मागच्या पोरांनो, ऐकू येतंय का?"

"हो सर."

तिथून त्यांचा आवाज लागला. टाकीमागून टाकी. काय सांगणं होतं ते. मी केबिनमध्ये ऐकलं होतं, पण तेव्हा इंजिनच्या आवाजात, एका कानानं, समोरच्या रस्त्यावर डोळे ठेवून. इथं ते दोन्ही हातांनी बोलत होते. समुद्रघोड्यापाशी त्यांनी पाठ ताठ केली, मान वाकवली, आणि पोटाशी ओंजळ धरून चालून दाखवलं. पोरं हसली. दुसऱ्या कुठल्या तरी गावची माणसं येऊन आमच्या मुलांमागं उभी राहिली, कडेवरची पोरं घेऊन ऐकायला लागली.

एका ठिकाणी ते थांबले. तळाशी वाळूत एक चपटा मासा पसरलेला होता, गोधडी टाकल्यासारखा. सरांनी बोट दाखवलं, तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. बोट तसंच काचेवर. मुलं वाट बघत होती. सरांनी त्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं.

"पाकट, सर," मी म्हणालो. "शेपटीत काटा. तुम्ही सांगितलं होतं."

"पाकट," सर म्हणाले. "शेपटीत काटा असतो त्याच्या. विषारी. बरोबर, हुसेनभाऊ." आणि पुढं चालू झाले.

सगळं झाल्यावर टाळ्या वाजल्या. आमच्या मुलांनी नाही, त्या बाहेरच्या माणसांनी वाजवल्या, मग मुलांनी. सर "चला, रांगेनं" म्हणाले आणि भिंतीतल्या एका बंद दाराकडे निघाले. त्यावर 'आत येण्यास मनाई' लिहिलेलं होतं. मी पुढं होऊन त्यांचा दंड धरला आणि वळवलं. मुलांपैकी कोणाच्या लक्षात आलं असेल तर ते कोणी बोललं नाही.

परतीच्या सकाळी नाशिकहून निघण्याआधी मॅडम माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "भाऊ, मला हे शाळेत सांगावं लागेल. काल सर हरवले. उद्या त्यांच्या हातून एखादं मूल हरवलं असतं तर?"

त्यांचं बरोबर होतं आणि मी तसं म्हणालो. फक्त एक विनंती केली, आधी त्यांच्या मुलाला कळू द्या. सरांच्या फोनवरून प्रमोदचा नंबर घेऊन मी लावला. ऐकून घेतलं त्यानं, पण आवाजात राग होता. "काका, वय झालंय त्यांचं. थोडा विसरभोळेपणा असतोच. मी दर रविवारी बोलतो त्यांच्याशी, व्यवस्थित बोलतात."

"रविवारी फोनवर माझ्याशीही व्यवस्थित बोलले असते," मी म्हणालो. "तू धुळ्याला हायवेवर येऊन थांब. बघ आणि मग ठरव."

धुळ्याला शेवभाजीच्या एका ढाब्यावर मुलांची जेवणं होती. प्रमोद मोटारसायकल घेऊन आला. सरांना बघून पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, चला घरी. चार दिवस राहा. मॅडम नेतील मुलांना."

सर हात धूत होते. त्यांनी हात पुसले. "मुलं आपापल्या दारात पोचल्याशिवाय सहल संपत नसते," ते म्हणाले. "तू केव्हापासून मला हे शिकवायला लागला?"

पोरासमोर बाप, बापासमोर पोर, आणि भोवती हात धुणारी मुलं. मी प्रमोदला बाजूला घेतलं. "मोटारसायकल इथं राहू दे. तूच चल गाडीतून." तो आला. सरांना म्हणाला, गावाकडं काम आहे. मागं मुलांमध्ये जागा करून बसला.

पारोळ्याच्या अलीकडे सर केबिनमधून म्हणाले, "हुसेनभाऊ, डिझेल भरलं का?"

"भरलं, सर."

एरंडोल, जळगाव, नशिराबाद. दर वेळी त्यांनी विचारलं, दर वेळी मी सांगितलं. आरशात मला प्रमोद दिसत होता. सुरुवातीला तो खिडकीबाहेर बघत होता. नंतर नुसता बापाच्या टोपीकडे बघत होता. भुसावळच्या पुढं दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर लांबवर दिसायला लागला, मुलांनी घर जवळ आलं म्हणून ओरडा केला, तेव्हा त्यानं रुमाल काढून तोंड पुसलं आणि तसाच तोंडावर धरून ठेवला.

गावात पारापाशी आईबाप उभे होते. सर आधी उतरले. दाराशी उभं राहून उतरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवत गेले, दर वर्षीसारखे. सगळी उतरल्यावर केबिनच्या खिडकीशी येऊन मला म्हणाले, "गाडी झाडून घ्या बरं का. मागं ओकलीत पोरं." मग मुलाबरोबर घराकडं गेले. दोघं शेजारी शेजारी चालत होते, कोणी कोणाचा हात धरला नव्हता.

आठवड्याभरातच प्रमोद त्यांना धुळ्याला घेऊन गेला. शाळेनं निरोप समारंभ करायचा म्हटलं, तो राहून गेला.

पुढं मीही निवृत्त झालो. आता हलिमा आणि मी निवांत राहू असं वाटत होतं. सकाळी ती विचारायची, "आज कोनती ड्युटी?" आणि स्वतःच हसायची. त्या हसण्याची सवय लागते न लागते तोच ती आजारी पडली, आणि गेली. पोरगी म्हणाली, सूरतेला चला. गेलोही. तिथं सगळे चांगले आहेत, पण सगळे कामाचे. मी यावलला परत आलो. घरात दोन खोल्या आहेत. एका खोलीतून दुसरीत जाताना अजून वाटतं, तिथं कोणीतरी भाकरी थापत असेल.

मध्यंतरी एका लग्नासाठी मुंबईला जाणं झालं. मी मुद्दाम मत्स्यालयाकडे गेलो. या खेपेला गाडीची काळजी नव्हती, आत हवा तेवढा वेळ थांबता आलं असतं. फाटकाला कुलूप होतं. पहारेकरी म्हणाला, बरेच दिवस झाले बंद आहे, मासे कुठं नेले ते मला माहीत नाही. मी समोरच्या कट्ट्यावर बसलो. समुद्र भरपूर होता, पण त्यात काही दिसत नव्हतं. त्या एका दिवशी आपण आत गेलो, तेही धावतपळत, म्हणून निदान आत गेलो तरी म्हणता येतं. उठून स्टेशनकडे निघालो.

सरांकडे मी अधूनमधून जातो. यावलहून धुळे आता लांब वाटतं. निवृत्तांना मिळणाऱ्या एसटीच्या पासावर बसतो, ड्रायव्हरच्या मागची सीट धरतो. वळण आलं की माझा उजवा पाय अजून आपोआप दाबला जातो. देवपुरात, पांझरेच्या पलीकडे, प्रमोदचं घर आहे. शेजारच्या आजी मला गल्लीत बघून सांगतात, "मास्तर बठ्ठं इसरी गयात, भाऊ." मी म्हणतो, हो आजी, सगळंच विसरले, आणि पुढं जातो.

सर ओट्यावर खुर्चीत बसलेले असतात. माझं नाव त्यांना येत नाही. कधी मला सोयरा समजतात, कधी शाळेचा शिपाई. अलीकडे काहीच समजत नाहीत, नुसते बघतात. मी शेजारी बसतो. पाऊसपाणी सांगतो, केळीचा भाव सांगतो, हलिमाचं सांगतो. मत्स्यालय बंद झालं ते सांगितलेलं नाही.

मागच्या खेपेला प्रमोद कामावरून लवकर आला होता. चहा देताना म्हणाला, "काका, राग मानू नका. पण ते आता तुमच्याशी बोलतही नाहीत. तुम्ही एवढ्या उन्हात इतक्या लांब कशाला त्रास घेता?"

मी म्हणालो, "घरी तरी कोण बोलतं, प्रमोद?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसला. मग आम्ही तिघांनी चहा घेतला.

गाडीची वेळ झाली तसा मी उठलो. सरांना नमस्कार केला, पायरी उतरलो. मागं आवाज झाला म्हणून वळून पाहिलं. सर खुर्चीतून उठले होते आणि पायानं चाचपत चपला शोधत होते. त्यांना एक सापडली होती, दुसरी सापडत नव्हती. कुठं निघालो ते त्यांना माहीत नसणार, पण मी निघालो म्हणजे आपल्यालाही निघायचंय एवढं त्यांनी धरलं होतं. प्रमोद त्यांना बसवायला पुढं झाला. मी त्याला हातानं थांबवलं.

आयुष्यात मी गाडी कधी उशिरा सोडली नाही की चुकू दिली नाही. त्या दिवशी परत पायरी चढलो, सरांची दुसरी चप्पल खुर्चीखालून काढून त्यांच्या पायाशी ठेवली, आणि त्यांच्या शेजारी बसलो. थोड्या वेळानं तेही बसले. धुळ्याहून गाड्या काय, सुटतच असतात.